विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित सेवेची पार्श्वभूमी

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडी संस्थानात झाला. घरी वारकरी भक्तीचे वातावरण होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले आणि 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला. इंग्लंडमध्ये युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाची मंडळी शहरांतील गरीब वस्त्यांत जाऊन जे काम करीत, तेही त्यांनी बारकाईने पाहिले. धर्माची कसोटी उपासनेपुरती राहत नाही, ती समाजाने दूर लोटलेल्या माणसाच्या दारात लागते, या त्यांच्या धारणेला तेथे कामाची पद्धत मिळाली.

परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. प्रचाराच्या फिरतीत अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांच्या रात्रीच्या सभेला ते गेले आणि त्या सभेनंतर याच कामाला वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजेच निराश्रित साहाय्यकारी मंडळी, स्थापन झाली. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष होते, तर चिटणीसपदाचा सारा भार शिंदे यांच्यावर होता. परळच्या शाळेपासून सुरू झालेले हे काम वसतिगृहे, उद्योगशिक्षण आणि रुग्णसेवा असे वाढत गेले, आणि पुण्यासह इतर ठिकाणीही शाखा निघाल्या. शिंदे यांच्या भगिनी जनाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या, हे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण वस्तीतल्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे त्यांच्यासारख्या कार्यकर्तीमुळेच शक्य झाले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या वीस हजार रुपयांच्या देणगीमुळे पुण्यातील संस्थेला ‘अहल्याश्रम’ हे नाव मिळाले.

शाळा काढून हा प्रश्न सुटणार नाही, राजकीय चळवळीनेही तो आपला मानला पाहिजे, हे शिंदे यांनी लवकर ओळखले होते. त्यांच्या खटपटीमुळे 1917 च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने अस्पृश्यतेच्या जाचक रूढी दूर करण्याचा ठराव संमत केला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली.

याच सुमारास दलित समाजात स्वतःचे नेतृत्व उभे राहत होते, आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्या हाती तिची सूत्रे का नसावीत, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. प्रश्न रास्त होता. मतभेदांचा कडवटपणा वाट्याला आला आणि शिंदे 1923 मध्ये मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. मात्र काम थांबले नाही. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला, आणि 1933 मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या उगमाचा इतिहास आणि समाजशास्त्र या दोन्ही अंगांनी शोध घेतला. 2 जानेवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले.