कार्बोनिल क्लस्टरमधले सीओ जागा कसे बदलतात : पार्श्वभूमी

थळसारख्या अमोनिया प्रकल्पात निकेल कार्बोनिलचा (निकेलला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, जोडून बनणाऱ्या संयुगाचा) धाक असतो. मेथनेटर (उरलेल्या सीओचं मिथेन करणारी भट्टी) थंड करताना तापमान २०० अंशांखाली येण्याआधी सीओ काढून टाकावा लागतो, नाहीतर निकेल उत्प्रेरकावर हे जहाल विष तयार होतं. १८९० मध्ये मोंड, लँगर आणि क्विंके यांना सापडलेलं हे फक्त धातू आणि सीओ असलेलं पहिलं कार्बोनिल. रत्नागिरी-अलिबागकडच्या एम.एस्सी.च्या मुलांना पुढे क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक धातू-अणूंचे कार्बोनिल, भेटतात, आणि फळ्यावरच्या आकृतीत प्रत्येक सीओ जागेवर खिळलेला दिसतो. द्रावणात तो तसा नसतो.

पहिली खूण १९५८ ची. आयर्न पेंटाकार्बोनिलमध्ये दोन प्रकारचे सीओ असूनही कार्बन-१३ एनएमआरमध्ये (वेगळ्या जागेतल्या कार्बनला वेगळा सिग्नल देणाऱ्या मोजणीत) एकच सिग्नल आला. १९६० मध्ये बेरी यांनी पाच लिगंड (मध्यवर्ती अणूला जोडलेले गट) असलेल्या रेणूंत जागांची अदलाबदल कशी होते ते सांगितलं. क्लस्टरसाठी कॉटन यांनी १९६६ मध्ये कल्पना मांडली: टेट्राऱ्होडियम डोडेकाकार्बोनिलमधले (चार ऱ्होडियमचा चतुष्फलक, बारा सीओ) तीन पूल, म्हणजे दोन धातूंना जोडणारे सीओ, उघडतात, सगळे सीओ टर्मिनल (एकाच धातूला जोडलेले) होतात आणि पूल चतुष्फलकाच्या दुसऱ्या पृष्ठावर बंद होतात.

१९७२ मध्ये याचा थेट पुरावा मिळाला, आणि तो फार सुंदर आहे. निसर्गातलं सगळं ऱ्होडियम ऱ्होडियम-१०३, अणुकेंद्राचा स्पिन अर्धा, म्हणून ते जोडलेल्या कार्बनचा सिग्नल रेषांत फोडतं; या परिणामाला कपलिंग म्हणतात. उणे ६५ अंशांच्या आसपास समान तीव्रतेचे चार सिग्नल दिसतात: पुलाचा सीओ दोन ऱ्होडियममुळे ट्रिप्लेट (तीन रेषा), टर्मिनल तिन्ही डब्लेट (दोन रेषा). ६० अंशांच्या आसपास उरतो एकच क्विंटेट (पाच रेषा), तीव्रता १:४:६:४:१, कपलिंग सुमारे १७ हर्ट्झ. टर्मिनलचं ६० ते ७५ हर्ट्झचं कपलिंग चार ऱ्होडियमवर वाटलं की सरासरी तेवढीच येते. सीओ सुटून परत जोडला जात असता तर हे कपलिंग पुसलं गेलं असतं. म्हणजे तो क्लस्टर न सोडता चारही धातूंवर फिरतो.

ट्रायआयर्न डोडेकाकार्बोनिल (तीन लोह, बारा सीओ) तर उणे १५० अंशांनाही एकच सिग्नल देतं. १९७० च्या दशकात जॉन्सन यांनी उलट बाजूने पाहिलं: बारा सीओंचं विसफलकी (वीस पृष्ठांचं) कवच, आणि आत हलणारा लोहाचा त्रिकोण. पूल उघडण्याचं चित्र आणि हे, यांवर बराच वाद झाला. आमच्या मते फक्त एका सिग्नलवरून निवाडा होत नाही.

कोबाल्टच्या क्लस्टरमध्ये वेगळाच फास आहे. कोबाल्ट-५९ क्वाड्रुपोलर (अणुकेंद्रातला विद्युतभार गोलाकार न पसरलेला) असल्याने त्याला जोडलेल्या कार्बनचा सिग्नल पसरट येतो आणि थंड केल्यावर कपलिंग पुसलं जाऊन तीक्ष्ण होतो. हा बदल सीओ थांबल्याचा नव्हे.

मोजणीआधी नमुना कार्बन-१३ युक्त सीओने समृद्ध करावा, कारण नैसर्गिक प्रमाण १.१ टक्केच. सीओच्या कार्बनचं रिलॅक्सेशन (मोजणीनंतर मूळ स्थितीत परतणं) मंद असतं, म्हणून थोडं क्रोमियम अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट घालतात. ऱ्होडियमची नळी सीओच्या वातावरणातच सील करावी, नाहीतर गरम करताना सीओ निघून हेक्साऱ्होडियमचा क्लस्टर बनतो. जुलैत किनाऱ्यावरची दमट हवा थंड प्रोबमध्ये (यंत्रात नळी बसते त्या भागात) शिरली की बर्फ धरतो आणि नळी फिरायची थांबते. तिथे कोरडा नायट्रोजनच हवा. प्रत्येक तापमानाला दहाएक मिनिटं थांबून खरं तापमान मिथेनॉलच्या दोन सिग्नलमधल्या अंतरावरून काढावं.