तेहतीस टक्क्यांचा दगड

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालं की मनसरच्या आसपास काळपट-तपकिरी टेकाडं दिसायला लागतात. रामटेकला जाणारी मंडळी त्यांना डोंगरच समजतात. त्यातली बरीचशी माणसाने रचलेली आहेत. पोलादाला लागणाऱ्या मँगनीज धातूच्या खदानीतून निघालेला, पण त्या काळी गिऱ्हाईक न मिळालेला माल तिथे टाकत गेले. आता अशा ढिगांकडे बघताना पहिला प्रश्न हमखास एकच असतो: यात मँगनीज किती टक्के? लॅबमधून आकडा येतो, समजा ३३ टक्के. तेवढ्या आकड्यावर जो सौदा करील, तो फसण्याची शक्यता बरीच आहे.

का, ते कळायला जरा मागे जावं लागतं. या भागात मँगनीजचा पद्धतशीर शोध सुरू झाला तो १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून. त्याच वंशावळीतून १९६२ मध्ये आजची मॉइल ही कंपनी उभी राहिली. मुख्यालय नागपुरात, खाणी मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, भंडाऱ्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, शिवाय पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडी. राज्यांची सीमा मध्ये आली, खडकाचा पट्टा मात्र एकच आहे.

या पट्ट्याची पहिली बारकाईची मांडणी केली ल्युइस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने. १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर त्याचा जाडजूड ग्रंथ आला. नागपूर, भंडारा, बालाघाटकडे त्याला एक खडक वारंवार भेटत होता, गारगोटी आणि मँगनीजचं गार्नेट हे तांबूस खनिज यांचा बनलेला. गोंड लोकांच्या नावावरून त्याने त्याला गोंडाइट म्हटलं, आणि भूविज्ञानात तेच नाव रूढ झालं. जुन्या समुद्रतळाशी मँगनीजयुक्त चिखल आणि वाळू साचली, पुढे ती खोल गाडली जाऊन दाबाने आणि उष्णतेने पार बदलली. जिथे मँगनीज भरपूर आणि चिखल कमी होता, तिथे ब्राउनाइट नावाचं खनिज तयार झालं. जिथे मातीतलं ॲल्युमिनियम आणि सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तो पदार्थ, हेही हाताशी होतं, तिथे मँगनीज त्यांच्याशी बांधलं जाऊन स्पेसार्टिन गार्नेट झालं. दोन्ही शेजारी शेजारी, कधी कधी एकाच मुठीएवढ्या दगडात.

आता हिशेब बघा. शुद्ध ब्राउनाइटमध्ये मँगनीज साधारण ६३.६ टक्के. शुद्ध स्पेसार्टिनमध्ये ३३.३ टक्के. म्हणजे निव्वळ गार्नेटचा ढीग तपासायला दिला तरी अहवालात ३३ टक्के मँगनीज येईल. अर्धं ब्राउनाइट आणि अर्धी गारगोटी असलेला ढीगही जवळपास ३२ टक्केच दाखवील. पहिल्याला भट्टीवाला हात लावणार नाही, दुसऱ्यापासून उत्तम माल काढता येतो. स्पेसार्टिनमध्ये ३६ टक्के सिलिका आणि २० टक्क्यांच्या वर ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) असतं, आणि त्यातलं मँगनीज त्या दोघांच्या मिठीतून सोडवणं जिकिरीचं असतं. अहवालाने खोटं काही सांगितलेलं नसतं. तो फक्त मूलद्रव्य मोजतो, ते कुणाच्या घरात राहतंय हे त्याला विचारलेलंच नसतं.

बरं, ब्राउनाइट तरी धुतल्या तांदळासारखं आहे का? तेही नाही. त्याच्या स्फटिकातच सुमारे १० टक्के सिलिका असते. कितीही बारीक दळा, कितीही धुवा, ती निघणार नाही. हे एकदा डोक्यात बसलं, की मशिनकडून अवास्तव अपेक्षा ठेवणं बंद होतं.

दुसऱ्या ढिगातली गारगोटी वेगळी काढायची सोपी वाट म्हणजे जिग. चाळणीच्या बुडातून पाण्याला खालीवर हिसके द्यायचे, जड कण तळाशी बसतात, हलके वर राहतात. तांदूळ रोळताना खडा खाली राहतो, तेच तत्त्व. हे कितपत जमेल याचा अंदाज बांधायची एक जुनी, कागद-पेन्सिलची युक्ती आहे. दोन्ही खनिजांच्या घनतेतून पाण्याचा १ वजा करायचा आणि जडच्या उत्तराला हलक्याच्या उत्तराने भागायचं. ब्राउनाइट साधारण ४.७५, गारगोटी २.६५, म्हणजे ३.७५ भागिले १.६५, उत्तर २.२७. ते २.५ च्या वर असेल तर डोळे झाकून वेगळं करा, १.७५ च्या वर असेल तर नीट मेहनत घेऊन जमतं. आता गारगोटीच्या जागी गार्नेटची घनता ४.२ घ्या: ३.७५ भागिले ३.२, उत्तर १.१७. हा आकडा १.२५ च्या खाली गेला की पाण्याच्या जोरावर वेगळं करण्याचा नाद सोडायचा. पूर्वी बायामाणसं हातोडीने दगड फोडून, रंग आणि वजन हाताला जोखून माल निवडत. गार्नेटची तांबूस छटा डोळ्याला दिसते, जिगला दिसत नाही. त्या निवडीला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

हे सगळं कुणीतरी आधी तपासून सांगायला लागतं, आणि त्याबाबतीत नागपूर नशीबवान आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि त्यांची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा व पायलट प्लांट हिंगण्याला. तिकडे वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत मायनिंग आणि मेटलर्जी दोन्ही शिकवतात. इतक्या शाखा एका शहरात क्वचित सापडतात.

अशा प्रयोगशाळांमधलं पहिलं काम अगदीच साधं दिसतं. आलेला माल फोडून त्याचा शंकू करायचा, माथा दाबून तो चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन बाजूला. पुन्हा शंकू, पुन्हा चार भाग. टनभर ढिगाचं खरं प्रतिनिधित्व करणारा ओंजळभर नमुना असाच हाती येतो. इथे आळस केला तर पुढची महागडी यंत्रं चुकीच्या मालाचं अचूक उत्तर देतात. मग एक तुकडा राळेत बसवून आरशासारखा घासतात आणि परावर्तित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ब्राउनाइट उजळ राखाडी चमकतं, गार्नेट आणि गारगोटी काळपट दिसतात. दोघांची सीमा कुठे आहे, कण केवढे आहेत, एकमेकांत कितपत घुसलेत, हे तिथे उघडं पडतं. चूर्ण ब्रोमोफॉर्ममध्ये टाकलं, तर २.८९ घनतेच्या त्या द्रवावर गारगोटी तरंगते आणि बाकी बुडतं. बुडालेल्यात ब्राउनाइट किती नि गार्नेट किती, ते क्ष-किरण विवर्तन, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी, सांगते.

गारगोटी जरा बारीक गुंतलेली असली, तर जिगऐवजी उच्च तीव्रतेचा चुंबक वापरतात. मँगनीज खनिजं किंचित ओढली जातात, गारगोटी नाही. पण गार्नेटही ओढलं जातं! चुंबकालाही ती जोडी फोडता येत नाही. दळून आणखी बारीक करावं, तर दुसरी पंचाईत. पीठ झालेला माल विजेच्या भट्टीला चालत नाही, वायूंची वाट तुंबते. म्हणून त्याचं सिंटर (भाजून केलेले गोळे) किंवा ब्रिकेट (दाबून केलेल्या विटा) करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. दळणाचा प्रत्येक फेरा हा असा सौदा असतो.

टक्क्यांच्या जोडीला गुणोत्तरंही बघावी लागतात. ७८ टक्के मँगनीजचं फेरोमँगनीज, म्हणजे पोलादात घालायचा मँगनीज-लोहाचा मिश्रधातू, हवं तर खनिजात मँगनीज लोहाच्या सुमारे साडेसातपट पाहिजे, कारण लोहाचा ऑक्सिजन आधी सुटतो आणि ते जवळजवळ सगळं धातूत शिरतं. फॉस्फरसचं त्याहून वाईट. तो बहुतेक ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजातून येतो, भट्टीत जवळजवळ सगळा धातूत जातो आणि पोलादाला थंडीत ठिसूळ करतो. मध्य भारतातल्या खनिजाची ही जुनी डोकेदुखी आहे.

इतका खटाटोप कशासाठी, तर पोलादातल्या गंधकासाठी. गंधक लोहाशी मिळून कणांच्या सांध्यात पातळ थर करतं. तो थर हजार अंशांच्या आतच वितळतो आणि लाल तापलेलं पोलाद रोलिंग करताना फाटतं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढतं आणि त्याचं जे सल्फाइड होतं, ते त्या तापमानाला घन राहतं. रॉबर्ट मुशेटने १८५६ च्या सुमारास बेसेमरच्या, म्हणजे वितळल्या लोखंडात हवा फुंकून केलेल्या, पोलादाला याच उपायाने वाचवलं. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्डने १२-१३ टक्के मँगनीजचं पोलाद बनवलं, जे घणाचे घाव खाऊन आणखी कठीण होतं. रेल्वेच्या सांध्यांत, जिथे चाक एका रुळावरून दुसऱ्यावर उडी घेतं, तिथे आजही तेच ओततात.

आणि ज्या सिलिकाला आपण एवढ्या शिव्या दिल्या, ती एका ठिकाणी कामाला येते. सिलिकोमँगनीज, म्हणजे सिलिकॉनही असलेला मँगनीजचा मिश्रधातू, बनवताना सिलिका हवीच असते. त्यामुळे फेरोमँगनीजला नको असलेला हलक्या प्रतीचा माल आणि फेरोमँगनीजच्या भट्टीची मँगनीजवाली मळी, दोन्ही तिथे खपतात. विजेचं बिल मात्र जबर, टनाला चार हजार युनिटच्या आसपास.

डोंगरी बुजुर्गच्या मालाची गोष्ट आणखी वेगळी. तिथलं डायऑक्साइड खनिज कोरड्या बॅटऱ्यांसाठी जातं, आणि तिथेही नुसत्या टक्क्यांनी भागत नाही. पायरोलुसाइट या स्फटिकबद्ध खनिजात मँगनीज डायऑक्साइड भरपूर असलं, तरी सेलमध्ये ते सुस्त पडतं. अणूंची मांडणी जरा विस्कटलेली असलेला गॅमा प्रकार चांगला चालतो. म्हणून खनिजाचं क्षपण करून, म्हणजे त्यातला काही ऑक्सिजन काढून, ते सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात, द्रावण शुद्ध करतात आणि नव्वद अंशांच्या वर तापवून त्यातून वीज सोडतात. ॲनोडवर काळा, टणक थर चढत जातो, तो फोडून काढतात, धुतात, दळतात. रासायनिक सूत्र दोन्हींचं एकच, भाव मात्र कित्येक पटींनी वेगळा.