पार्श्वभूमी : इंग्रजी शब्दांवरचा आघात आणि चिनी बोलींचे कान

‘चिनी माणसाला इंग्रजी शब्दातला आघात ऐकू येत नाही’ हे वाक्य उच्चार शिकवणाऱ्यांच्या तोंडी बराच काळ होतं. आघात म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर बोलताना पडणारा जोर. यात घोळ आहे तो ‘चिनी माणूस’ या दोन शब्दांत.

इंग्रजी चीनमध्ये उतरली ती बंदरांवर. १८४२ च्या नानकिंग तहाने कँटन, अमॉय, फूचाऊ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरं ब्रिटिश व्यापाराला मोकळी झाली. गंमत म्हणजे या पाचांपैकी एकाही शहराची घरची बोली मँडरिन, म्हणजे बीजिंगकडची उत्तरेची चिनी, नव्हती. कँटनची कँटोनीज, अमॉय आणि फूचाऊच्या मिन गटातल्या दोन वेगळ्या बोली, उरलेल्या दोन्हीकडे वू. तेव्हाच्या लोकांना आघात कसा ऐकू येई हे कोणी मोजून ठेवलेलं नाही, पण उसने शब्द साक्षीला आहेत. (चिनी बोलींत अक्षर कुठल्या सुरात, म्हणजे आवाजाच्या कुठल्या उंचीवर वा चढउतारात म्हटलं, यावर अर्थ बदलतो.) हाँगकाँगमध्ये कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला ‘सि-दो’ म्हणतात. मूळ शब्द ‘स्टोअर’. सुरुवातीच्या ‘स’ला कँटोनीजमध्ये एकट्याने उभं राहता येत नाही, म्हणून त्याला एक स्वर जोडला आणि खालच्या सुरात बसवलं, इंग्रजीतलं खरं, जोराचं अक्षर मात्र सर्वांत वरच्या सुरात गेलं. जोर ऐकला, पण सूर म्हणून ऐकला.

आघात ऐकताना कान नेमकं काय पकडतो, हे १९५५ आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी नीट मोजून दाखवलं. ‘परमिट’, ‘सब्जेक्ट’, ‘कॉन्ट्रॅक्ट’ असे शब्द घेतले, ज्यांत आघात हलला की नामाचं क्रियापद होतं, आणि अक्षराच्या आवाजाची उंची (सूर किती वर), लांबी (किती वेळ) आणि जोर (आवाज किती मोठा) एकेक करून बदलत नेले. नुसता जोर फारसा कामाचा नाही, लांबी त्याहून भारी, आणि उंची बदलली की ऐकणाऱ्याचं मत चटकन पालटतं, असं निघालं. चौथी खूण स्वराची. आघात नसलेल्या अक्षरातला स्वर इंग्रजीत पुसट होऊन मिटून जातो.

योगायोग असा, की त्याच वर्षांत बीजिंगमध्ये प्रमाण चिनीचा फैसला होत होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये परिषद भरली आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये सरकारी आदेश निघाला : प्रमाण भाषा पुतोंगह्वा (म्हणजे प्रमाण मँडरिन), तिचा उच्चार बीजिंगचा. बीजिंगचा उच्चार घेतला, त्यामागून ‘छिंगशंग’ही आला. शब्दशः ‘हलका सूर’. नाव सुराचं असलं तरी वागणं आघात नसलेल्या अक्षराचं. असं अक्षर आपला मूळ सूर सोडतं, आखूड होतं, त्यातला स्वर थोडा पुसट होतो आणि त्याची उंची आधीच्या अक्षरावरून ठरते. ‘तुंग-शी’ची दोन्ही अक्षरं भरून म्हटली तर अर्थ ‘पूर्व-पश्चिम’. ‘शी’ हलकी सोडली तर ‘वस्तू’. लिहायची चित्रलिपी दोन्हीकडे तीच. याला पाचवा सूर मानायचं, सुराचा अभाव मानायचं, की चिनीतला आघातच म्हणायचं, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. १९५८ मध्ये मंजूर झालेल्या पिनयिन लेखनाने वाद शिताफीने टाळला : चार सुरांना चार खुणा, हलक्या अक्षरावर काहीच नाही. पुढे १९९४ पासून पुतोंगह्वाची प्रावीण्य परीक्षा सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमात सक्तीने हलक्या म्हणायच्या शब्दांची पाचशेहून मोठी यादी असते, आणि तिच्यातल्या बऱ्याच शब्दांना कुठलाच नियम लागत नाही, सरळ घोकावे लागतात. दक्षिणेतल्या उमेदवाराला ही राजधानीच्या गल्लीबोळातल्या लकबीची सक्ती वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

ही लकब सगळीकडे रुजलीही नाही. तैवानमध्ये १९४५ नंतर बीजिंगच्याच उच्चारावर बेतलेली मँडरिन ‘राष्ट्रभाषा’ म्हणून शाळांत आली, पण बेटावरच्या बहुसंख्यांची घरची बोली मिन गटातली. तिथल्या मँडरिनमध्ये बरीचशी हलकी अक्षरं भरूनच म्हटली जातात. कँटोनीजमध्ये सूर सहा, पण असं हलकं अक्षर जवळपास नाहीच.

‘आघात-बधिरता’, म्हणजे आघाताचा फरक कानाला न जाणवणं, हा शब्द चिनी लोकांसाठी घडलेला नव्हता. १९९७ च्या एका अभ्यासात स्पॅनिश भाषकांना सहज कळणारा आघाताचा फरक फ्रेंच भाषकांच्या हातून निसटत होता. त्यावरून तो निघाला. चिनी भाषकांना तो चिकटवणं फारसं जमलं नाही. उंचीचे चढउतार टिपणं हे सूरभाषेतल्या माणसाचं लहानपणापासूनचं काम. २००८ च्या एका अभ्यासात मँडरिन भाषकांनी ‘कॉन्ट्रॅक्ट’सारखे शब्द उच्चारताना उंची, लांबी, जोर या तिन्ही खुणा वापरल्या, कमी पडले ते स्वर मिटवण्यात. ऐकताना उंचीवरचा हाच भरवसा कधी नडतो. ‘कॉन्ट्रॅक्ट?’ असं प्रश्नार्थक विचारलं, की जोराचं ‘कॉन’ खाली राहतं आणि शेपूट वर चढतं. उंच तेच जोराचं, असं धरून चालणारा कान इथे दुसऱ्या अक्षराला कौल देतो.

बोलींचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो गेल्या दशकात. २०१७ मध्ये प्रमाण मँडरिन आणि तैवानी मँडरिन बोलणाऱ्यांची इंग्रजी धाटणीच्या निरर्थक शब्दांवर तुलना झाली. उंची दोघांनाही साधली. लांबीचा आधार मात्र प्रमाण मँडरिनवाल्यांनी अधिक घेतला, कारण आखूड, हलकं अक्षर त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. २०१९ मध्ये तर हाँगकाँगच्या कँटोनीज भाषकांनी आघाताचा फरक ओळखण्यात जन्मजात इंग्रजी भाषकांवरही मात केली. ‘बधिर’ म्हणवल्या गेलेल्यांनी! यात फार नवल नाही. इंग्रजी भाषकाचं लक्ष मिटलेल्या स्वराकडेच इतकं असतं, की बाकीच्या खुणांची त्याला एरवी गरज पडत नाही.

शांघायचं कोडं वेगळं आहे. तिथल्या वू बोलीत पहिल्या अक्षराचा सूर सगळ्या शब्दावर पसरतो आणि मागची अक्षरं आपापले सूर गमावतात, म्हणजे पहिल्या अक्षराला वजन देण्याची सवय घरातूनच. पण प्रयोगाला बसणारा आजचा विशीतला शांघायकर आजीचं वू समजून घेतो आणि उत्तर पुतोंगह्वातून देतो. मातृभाषेच्या रकान्यात तो बहुधा एकच शब्द लिहितो : चिनी.