जुन्या गोव्यातलं शव आणि साडेचारशे वर्षांचे पुरावे

ऑक्टोबर 2024 मध्ये गोवा तापला होता. रस्ते अडवले गेले, पोलिसांत तक्रारी झाल्या, मडगावात जमाव उतरला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे सोळाव्या शतकातले धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी झाली होती, आणि दर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन महिन्याभरावर आलं होतं. भाविकांना ती मागणी अपमानाची वाटली, आणि ती ज्या सुरात झाली तो सूर डिवचणाराच होता. पण या शवाबद्दल पुरावा मागणं ही आजची टूम नाही, आणि त्याची सुरुवात विरोधकांनी तर मुळीच केलेली नाही. पहिला पुरावा मागितला तो श्रद्धा ठेवणाऱ्यांनीच.

झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तापाने वारले. पेटीत भरपूर चुना ओतून त्यांना पुरलं. हेतू अगदी व्यवहारी होता: मांस लवकर झडून जावं, म्हणजे जहाज परत निघताना हाडं सोबत नेता येतील. फेब्रुवारी 1553 मध्ये पेटी उघडली तर शरीर जवळपास होतं तसंच. तिथून ते आजच्या मलेशियातल्या मलाक्काला गेलं. तिथे पेटीशिवाय, आखूड खड्ड्यात पुरलं गेलं. ऑगस्टमध्ये पुन्हा उकरलं, तेव्हाही टिकलेलं होतं. मार्च 1554 मध्ये ते गोव्यात आलं आणि दर्शनाला झुंबड उडाली. एका पोर्तुगीज बाईने पायाचं चुंबन घेता घेता बोटाचा चावाच घेतला, असं परंपरा सांगते.

त्या गर्दीतच एक माणूस वेगळ्या कामासाठी आला होता. कोस्मे सारायव्हा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचे वैद्य. त्यांनी शव दाबून पाहिलं. पोटावर हात फिरवला. आतडी जागच्या जागी लागत होती. मसाला भरून ते टिकवलं आहे का हे तपासलं, तशी खूण सापडली नाही. डाव्या कुशीत एक जखम होती. तिच्यात सोबतच्यांना बोटं घालायला लावली, बोटांना रक्त लागलं, त्याचा वास घेतला. दुर्गंधी नव्हती. हे सगळं त्यांनी पुढे शपथेवर सांगितलं. चमत्कार मानायला लोक एका पायावर तयार असताना, आत काही भरलेलं नाही ना, हे आधी बघणारा हा माणूस मला या सगळ्या कथेत सर्वात जवळचा वाटतो. आज कुणी हेच करू म्हटलं तर त्याला पाखंडी ठरवतील.

शपथेवर, कारण पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने 1556 मध्ये रीतसर चौकशी लावली. झेवियर यांचं आयुष्य आणि त्यांच्या नावावरचे चमत्कार यांबद्दल साक्षी घ्या, लिहून पाठवा. गोवा, कोची, मलाक्का आणि आपली वसई इथे साक्षीदार बोलावले गेले. ‘भाविकांचं म्हणणं’ एवढ्यावर भागवलं नाही, ही गोष्ट खरी. पण चौकशी भक्तांचीच आणि साक्षीदारही बहुतेक भक्तच, हेही तितकंच खरं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, शब्दप्रमाण (दुसऱ्याच्या सांगण्याचा पुरावा) मान्य करताना एक अट घातली होती: सांगणारा आप्त हवा, म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि ती आहे तशी सांगायची आहे असा. ही अट लावून झेवियर यांची कागदपत्रं वाचली की गंमत दिसते. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या संतपदाच्या फर्मानात, न शिकलेल्या भाषा बोलण्याच्या दैवी देणगीचा उल्लेख आला. पण खुद्द झेवियर यांची पत्रं काय म्हणतात? 1544 मध्ये दक्षिणेच्या मच्छीमार वस्त्यांमधून ते लिहितात की दुभाषा नाही, माझं त्यांना कळत नाही आणि त्यांचं मला. नोव्हेंबर 1549 मध्ये जपानमधून लिहितात की आम्ही इथे पुतळ्यांसारखे उभे असतो. समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने आणून दिल्याची प्रसिद्ध कथा 1546 च्या सुमाराची, पण तिची साक्ष नोंदली गेली सुमारे 60 वर्षांनी. काळ जाईल तसे चमत्कार वाढत गेले, आणि ज्याच्या नावावर ते वाढले त्याची पत्रं मात्र तशीच राहिली. ती चर्चनेच जपली, चर्चच्याच माणसांनी छापली. म्हणून तर हा ताळा आज घेता येतो.

आता चुन्याबद्दल. चुन्याने प्रेत झटपट विरघळतं, ही समजूत तेव्हा होती आणि गुन्हेगारी कथा वाचणाऱ्यांमध्ये आजही आहे. अलीकडे न्यायवैद्यक संशोधकांनी डुकरांची कलेवरं चुन्यात पुरून पाहिली तेव्हा उलटंच दिसलं. चुना ओल शोषतो, कुजवणाऱ्या जंतूंना आवर घालतो, शरीर काही काळ टिकवतो. ज्या चुन्यामुळे ‘टिकणं अशक्यच होतं’ असं भाविक सांगत आले, तोच टिकण्याचं एक कारण असू शकतो. मलाक्काच्या दमट मातीतले चुन्याविनाचे महिने याने पूर्ण सुटत नाहीत, हेही मान्य करायला हवं. एरवी शव पुढे झिजत, सुकतच गेलं. आज चांदीच्या पेटीत, काचेआड जे आहे ते सुकून आक्रसलेले अवशेष आहेत, आणि गोव्यातलं चर्चही त्यांना अवशेषच म्हणतं.

अठराव्या शतकात प्रश्नच बदलला. 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं आणि अफवा उठली की जाताना त्यांनी खरं शव पळवलं, पेटीत दुसरंच ठेवलं. या अफवेला उत्तर म्हणून 1782 मध्ये शव लोकांसमोर उघडं मांडलं गेलं. आज ज्याला आपण परंपरागत सोहळा म्हणतो, त्याची मुळं अशी एका संशयात आहेत. ‘कुजलं नाही ना?’ हा प्रश्न मागे पडून ‘तेच आहे ना?’ हा प्रश्न पुढे आला.

आणि नेमका तोच प्रश्न आपल्या काळात परतला. श्रीलंकेतल्या काहींचं म्हणणं, हे शव पंधराव्या शतकातले बौद्ध भिक्खू आणि कवी श्री राहुल थेर यांचं आहे, डीएनए तपासा. या दाव्यापुढे एक साधी अडचण उभी आहे. 1614 मध्ये जेझुइट प्रमुखांच्या हुकमाने शवाचा उजवा हात कोपरापासून कापून रोमला नेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे, 2018 मध्ये कॅनडाभर दर्शनालाही फिरवला गेला. गोव्यातल्या शवाला तो हात नाही. रोमचा हात आणि गोव्याचं शव यांचा डीएनए जुळवला तर 1614 नंतर अदलाबदल झाली का, एवढं नक्की कळेल. ते झेवियरच, हे ठरवायला त्यांच्या आईच्या, म्हणजे मारिया द आस्पिल्कुएता यांच्या मातृवंशातलं किंवा वडिलांच्या पुरुषवंशातलं कुणी सापडावं लागेल. चाचणी केल्याने आकाश कोसळणार नाही, असं माझं मत. पण निकाल काहीही लागो, ते संत होते की नव्हते याला तो शिवणारही नाही. 2024 मध्ये चाचणी झाली नाही. प्रदर्शन 5 जानेवारी 2025 पर्यंत ठरल्याप्रमाणे चाललं.

खरं भांडण हाडांचं नव्हतंच. ते होतं झेवियर यांना ‘गोंयचो सायब’ म्हणायचं की नाही याचं, आणि त्यामागे उभं होतं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं न्यायासन. तिथे पुराव्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. 1546 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून झेवियर यांनी राजाला लिहिलेल्या पत्रात भारतात इन्क्विझिशन आणण्याची विनंती आहे. रोख होता बाप्तिस्मा घेऊनही ज्यू किंवा मुसलमान रीतीने जगणाऱ्यांवर. ते न्यायासन गोव्यात आलं 1560 मध्ये, झेवियर वारल्यावर सात वर्षांनी, आणि पुढे त्याचा वरवंटा फिरला तो मुख्यतः हिंदू चालीरीती न सोडलेल्या नवख्रिस्तींवर. झेवियर यांनी मागितलं ते आणि प्रत्यक्षात झालं ते, यांतलं अंतर किती, हे मोजायला खटल्यांची दप्तरं लागतात. 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झालं आणि गोव्यातली बहुतेक दप्तरं नष्ट करण्यात आली. 1561 ते 1623 या काळातल्या खटल्यांची एक हस्तलिखित सूची मात्र लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात उरली आहे.