वाकड्या सांध्याची वीज

कोकणातल्या जुन्या वाड्यांमध्ये डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पोफळीच्या पन्हळींतून आणायची रीत होती. खोड उभं चिरायचं, गाभा काढायचा आणि एका पन्हळीचं तोंड दुसरीत टेकवत थेट न्हाणीघरापर्यंत ओळ न्यायची. पन्हळ कितीही गुळगुळीत असली तरी पाणी किती पोहोचणार, हे सांध्यांवर ठरायचं. पुरेसं थंड केलं की कसलाही रोध न होता वीज वाहून नेणारे पदार्थ म्हणजे अतिवाहक; त्यांचं दुखणंही काहीसं असंच आहे.

1987 साली वायबीसीओ हा यट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा पदार्थ सापडला. उणे 181 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा विद्युतरोध शून्य होतो. म्हणजे गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनचा जो कॅन असतो, तेवढ्या थंडाव्यावर काम भागतं. त्याआधी उणे 269 अंशांचं महागडं द्रवरूप हेलियम लागायचं. त्यामुळे आनंद मोठा होता, पण तो फार टिकला नाही. पूड दाबून भट्टीत भाजलेली वडी चौरस सेंटिमीटरला काही शे अँपिअर वाहून दमायची. त्याच पदार्थाचा एकसंध स्फटिकासारखा पातळ थर मात्र दहा लाखांवर जायचा.

वडी असंख्य बारीक स्फटिककणांची असते आणि प्रत्येक कणाची दिशा वेगळी. 1988 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत डिमॉस, प्रवीण चौधरी, मानहार्ट आणि सहकाऱ्यांनी दोनच स्फटिक ठरावीक कोनात जुळवून मधल्या सीमेतून किती प्रवाह जातो ते मोजलं. दोनतीन अंशांचा फरक खपून जातो. पुढे मात्र घसरण भराभर होते, आणि 45 अंशांना प्रवाह सुमारे हजारपट कमी भरतो.

असं का, हे पन्हळीवरून कळणार नाही. तिथे पाणी सांडतं, इथे काहीच सांडत नाही. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात, आणि वायबीसीओमध्ये या जोडीचा आवाका जेमतेम एकदोन नॅनोमीटर. कणांच्या सीमेवर अणूंची रांग विस्कटलेली असते, ऑक्सिजनही कमी पडतो, आणि तो विस्कटलेला पट्टा जवळपास जोडीच्या आवाक्याएवढाच रुंद असतो. कोन लहान असेल तर विस्कटलेल्या जागा एकमेकींपासून लांब राहतात आणि मधून वाट उरते. दहा अंशांच्या सुमारास त्या दोन नॅनोमीटरवर येतात आणि वाट बुजते. शिवाय या पदार्थात जोडीला दिशा असते, चार पाकळ्यांच्या फुलासारखी. शेजारच्या कणातलं फूल फिरलेलं असलं की पाकळीला पाकळी मिळत नाही.

नायोबियम-टिन या जुन्या अतिवाहकाच्या तारांना हा त्रास नाही. उलट तिथे कणसीमा चुंबकीय भोवरे, म्हणजे अतिवाहकात शिरलेले चुंबकीय क्षेत्राचे बारीक धागे, अडकवून धरतात; ते सरकले की रोध उभा राहतो, म्हणून अडकले की जास्त प्रवाह नेता येतो! म्हणून कणसीमेला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही.

वायबीसीओच्या तारेसाठी मात्र गवंड्यासारखी ओळंबा धरूनच मांडणी करावी लागली. लाटून, तापवून कण एका दिशेला वळवलेली निकेल मिश्रधातूची पट्टी घ्यायची, तिच्यावर ऑक्साइडचे थर आणि वर मायक्रॉनभर जाडीचं वायबीसीओ. कणाकणांतला फरक काही अंशांतच राहतो. हे शेकडो मीटर लांबीवर सांभाळायचं असतं, म्हणून ही पट्टी अजून महाग आहे.

अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या स्क्विड उपकरणांत मात्र असा कमकुवत सांधाच हवा असतो, म्हणून तिथे 24 किंवा 30 अंशांचा वाकडा सांधा मुद्दाम घडवतात.