कानाने लिहिण्याची सोय

कणकवलीच्या एसटी स्टँडवर एकामागून एक गाड्या पुकारल्या जात असतात. बाकीच्या गाड्यांची नावं कानावरून निघून जातात, पण आपली मालवण गाडी पुकारली की कान टवकारतात. त्या क्षणी मेंदूत जे घडतं ते मोजता येतं. आपण वाट पाहत असलेला, अधूनमधूनच येणारा आवाज ऐकला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या कातडीवर लावलेल्या इलेक्ट्रोडना, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या चकत्यांना, काही मायक्रोव्होल्टची एक लहर सापडते. तिला पी-३०० म्हणतात. १९६५ मध्ये तिची पहिली नोंद झाली.

एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात जातात, जीभ जाते, श्वासाला यंत्र लागतं. तेव्हा बहुतेक जण नजरेने पडद्यावरची अक्षरं निवडतात. पुढे काहींची नजरही स्थिर राहत नाही, आणि मग पडदा निरुपयोगी होतो. ऐकू मात्र बहुधा येत असतं. म्हणून अक्षरं कानात म्हणायची, रुग्णाने हव्या त्या अक्षराकडे लक्ष द्यायचं आणि संगणकाने पी-३०० शोधायची. लहर इतकी क्षीण असते की तेच आवाज पुन्हापुन्हा ऐकवून सरासरी काढावी लागते. डोळ्यांच्या पद्धतीपेक्षा हे काम सावकाश चालतं आणि चुकाही जास्त होतात.

२०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान-नियतकालिकात आलेला प्रयोग याहून पुढचा आहे. जर्मनीतल्या ३४ वर्षांच्या एका रुग्णाला डोळेही हलवता येत नव्हते. त्याच्या मेंदूत प्रत्येकी ६४ सूक्ष्म इलेक्ट्रोडचे दोन संच बसवले. पेशींचं काम वाढलं की कानातला सूर चढे, मंदावलं की उतरे. संगणक अक्षरं ऐकवत जाई; सूर वर धरला तर हो, खाली ठेवला तर नाही. अशा रीतीने, मिनिटाला जेमतेम एक अक्षर निवडत, त्याने सूप मागितलं आणि आपल्या लहान मुलासाठी निरोप दिला. वेग कमी म्हणून हा प्रयोग लहान ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्या घराला तो निरोप दुसऱ्या कुठल्याच वाटेने मिळणार नव्हता.

ऐकून अक्षरं निवडण्याचं हे काम मराठीसाठी झालं पाहिजे, आणि आपली वर्णमाला त्याला फार सोयीची आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग: आधी पाचांतून वर्ग निवडायचा, मग त्यातल्या पाचांतून अक्षर. दोन निवडींत २५ व्यंजनं हाती येतात. पुढे 'य' ते 'ज्ञ' यांचे गट आणि बाराखडी. शाळेत मोठ्याने घोकलेला हा क्रम पडद्याशिवायही आठवतो. नुसत्या 'टूं-टूं'पेक्षा बोललेले उच्चार ओळखायला सोपे जातात, असं प्रयोगांत दिसलं आहे. मग वेंगुर्ल्याच्या घरात 'व्हय' आणि 'नाय' घरच्याच माणसाच्या आवाजात का नसावेत?

पत्र्यावर पाऊस कोसळत असताना स्पीकर चालणार नाही, कानात इयरफोन हवा. वीज जाते, म्हणून बॅटरी हवी. आणि सराव नजर शाबूत असतानाच सुरू करायला हवा. तोवर संगणकाने ओळखलेलं 'व्हय' बरोबर आहे का, हे रुग्ण पापणी मिटून सांगू शकतो.