पांगारा, ऊस आणि 'शिमा उता'

'शिमा उता', म्हणजे 'बेटाचं गाणं', हे जपानी गाणं पांगाऱ्यापासून सुरू होतं. देइगो फुलला, त्यानं वाऱ्याला साद घातली आणि वादळ आलं, अशा अर्थाची पहिली ओळ. हा देइगो म्हणजे आपला पांगाराच. शास्त्रीय नावही एकच, एरिथ्रिना व्हेरिगाटा. आपल्याकडे होळीच्या आगेमागे निष्पर्ण फांद्यांवर लालभडक तुरे येतात आणि मैना-कावळ्यांची झुंबड उडते, तेच हे झाड. जपानच्या दक्षिण टोकाला, ओकिनावात, ते मार्च ते मे फुलतं आणि त्या प्रांताचं ते अधिकृत फूल आहे. ज्या वर्षी देइगोला बहर जास्त, त्या वर्षी वादळं जास्त, अशी तिथली जुनी समजूत.

हे काही ठाऊक नसताना मी 'शिमा उता' कितीतरी वर्षं ऐकत होतो. मला ते सरळसाधं प्रेमगीत वाटायचं. उसात भेटलेले दोघं, मग ताटातूट, आणि वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडणारं गाणं. गंमत म्हणजे तसं ऐकलं तरी ते पुरेसं सुंदर आहे.

गाणं 'द बूम' या बँडचं. चौघं पोरं तोक्योच्या हाराजुकू भागात, रविवारी वाहनांना बंद असलेल्या रस्त्यावर वाजवायची. १९८९ साली त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. गायक आणि गीतकार-संगीतकार मियाझावा काझुफुमी हा कोफूचा, म्हणजे फुजी पर्वताच्या बाजूचा, डोंगरांनी वेढलेल्या मुलखातला. ओकिनावाशी त्याचं नातं काहीच नाही. तिथल्या संगीताचं मात्र त्याला वेड लागलं होतं.

त्या वेडापायी तो १९९१ च्या हिवाळ्यात तिथे गेला आणि हिमेयुरी शांती संग्रहालयात शिरला. तिथे त्याला एक आजी भेटल्या. युद्धातून वाचलेल्या.

हिमेयुरी या विद्यार्थिनींच्या तुकडीचं प्रकरण थोडक्यात सांगून भागत नाही. मार्च १९४५ मध्ये ओकिनावातल्या दोन शिक्षणसंस्थांमधल्या, एक मुलींची शाळा आणि एक अध्यापिका विद्यालय, २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षकांना जपानी सैन्यानं हाएबारूच्या लष्करी इस्पितळात शुश्रूषेसाठी नेलं. इस्पितळ म्हणजे टेकडीत खोदलेली भुयारं. १ एप्रिलला अमेरिकन सैन्य ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरलं. देइगोच्या बहराचेच ते दिवस. पहिल्या ओळीतलं वादळ कुठलं, ते इथे कळतं. सैन्य दक्षिणेकडे मागे हटत गेलं तशा या मुलीही गेल्या, एका 'गामा'तून दुसऱ्या 'गामा'त. गामा म्हणजे चुनखडीच्या खडकातली नैसर्गिक गुहा. १८ जूनच्या रात्री त्यांना सांगण्यात आलं की तुकडी बरखास्त, आता आपापलं बघा. बाहेर तोफांचा मारा चालू होता. २४० पैकी १३६ जणी-जण मेले, आणि त्यातले बहुतेक या आदेशानंतरच्या थोड्या दिवसांत. पकडले गेलात तर हाल होतील, असं लोकांच्या मनावर इतकं बिंबवलेलं होतं, की गुहांमध्ये आपल्याच माणसांना मारून मरण पत्करलेली घरंच्या घरं होती. या लढाईत ओकिनावाच्या लोकसंख्येतला सुमारे चौथा हिस्सा संपला. मुख्य भूमीवरचा हल्ला लांबवण्यासाठी हे बेट खर्ची घातलं गेलं, ही सल तिथे अजून आहे.

हे सगळं ऐकून मियाझावा स्वतःवरच चिडला. हे आपल्याला माहीतच नव्हतं! संग्रहालयाची रचना गुहेत असल्यासारखी. तिथून बाहेर पाऊल टाकलं तर समोर ऊस, वाऱ्यावर संथ डोलणारा. आत ते आणि बाहेर हे. या विरोधातून गाणं झालं, आणि ते त्या एका आजींना ऐकवावं एवढीच मूळ इच्छा होती, असं त्यानं २००५ साली वर्तमानपत्रात लिहिलं.

मला या गाण्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती मात्र शब्दांत नाही, सुरांत आहे. ओकिनावाच्या पारंपरिक सप्तकात रे आणि ध नसतात. सा ग म प नि, एवढ्यावर सगळा कारभार. पेटी जवळ असेल तर वाजवून पाहा. आपल्या कानाला तिलंगाचा आरोह ऐकल्यासारखं वाटेल. सोबतीला सान्शिन हे तीन तारांचं, सापाच्या कातडीनं मढवलेलं वाद्य असलं की बेट डोळ्यांपुढे उभं राहतं. 'शिमा उता' याच सुरांवर चालतं. फक्त मधल्या एका तुकड्यात ते सूर सोडून देतं. 'उजी'च्या, म्हणजे उसाच्या, वनात तू भेटलीस आणि त्याच उसाखाली 'चियो'चा निरोप घेतला, असा तो तुकडा. इथे मियाझावानं मुद्दाम मुख्य जपानची स्वररचना घेतली. उसाखाली म्हणजे जमिनीखाली, गामात. तिथे मेलेले ते दोघं मुख्य जपानपायी बळी गेले, मग त्या ओळींना ओकिनावाचे सूर कसे द्यायचे, हा त्याचा हिशेब. 'चियो' हे मुलीचं नावही असू शकतं आणि त्याचा अर्थ 'हजार पिढ्या' असाही होतो. जपानच्या राष्ट्रगीतात हा शब्द ज्या थाटात येतो, तो तिथल्या श्रोत्याला आठवल्यावाचून राहत नाही.

आता कान देऊन ऐका. तो तुकडा येतो तेव्हा चाल एकदम सपाट, ओळखीची, जवळजवळ शाळेतल्या गाण्यासारखी होते. आणि मग ध्रुवपदाला सान्शिनचे सूर परत येतात. वर्षानुवर्षं मला तिथे काहीतरी हललंय असं जाणवायचं, पण काय ते सांगता येत नव्हतं.

गाणं आधी जानेवारी १९९२ च्या अल्बममध्ये आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते सिंगल म्हणून निघालं, तेही उचिनागुचीत, म्हणजे ओकिनावाच्या बोलीत. एके काळी तिथल्या शाळांमध्ये ही बोली तोंडातून निघाली तर पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत असत. ज्या मुख्य जपानच्या भाषेपायी पाटी अडकवली, तिथलाच एक आता तीच बोली गात होता. मूळ जपानी रूप जून १९९३ मध्ये आलं, त्या काळच्या चिमुकल्या, ८ सेंटिमीटरच्या सीडीवर, आणि खप १५ लाखांच्या वर गेला. मुहूर्तही लागला होता. १९९२ साली तिथल्या राजांच्या शुरी किल्ल्याची पुनर्बांधणी होऊन तो खुला झाला होता आणि १९९३ साली टीव्हीवर रिऊक्यू राज्याची, म्हणजे ओकिनावातल्या जुन्या राज्याची, ऐतिहासिक मालिका चालू होती. अमेरिकेच्या ताब्यातून ओकिनावा जपानकडे परतलं त्याला जेमतेम वीस वर्षं झाली होती.

सगळे खूश झाले असं नाही. बाहेरच्यानं आमचं संगीत उचललं, अशी कुरकुर ओकिनावात झाली. ती गैर होती असं मी म्हणणार नाही; लोकधन लुटण्याचा अनुभव असलेल्या कुणालाही ती कळेल. मियाझावालाही ही भीती आधीपासून होती. किना शोकिची या ओकिनावाच्याच ज्येष्ठ गायकानं त्याला धीर दिला, गा म्हणून सांगितलं.

पुढे गाणं खरंच समुद्र ओलांडून गेलं. आल्फ्रेदो कासेरो या अर्जेंटिनाच्या विनोदी नटानं ते चक्क जपानी शब्दांसकट गायलं आणि २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात तिथल्या चाहत्यांच्या ओठी बसलं. अर्जेंटिनातल्या जपानी वंशाच्या लोकांत ओकिनावाकडून गेलेली कुटुंबंच जास्त, हे कळलं की त्यातलं नवल थोडं कमी होतं.

या लोकप्रियतेचा एक विचित्र परिणाम झाला. जपानभर लोक सान्शिन शिकायला लागले आणि वाद्यांची मागणी वाढली. उत्तम सान्शिनची दांडी 'कुरुची'ची, म्हणजे तिथल्या एबनीची असते. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं, आणि वाढतं अतिशय हळू. ओकिनावात दांडीजोगी झाडं जवळपास उरलीच नव्हती. आपल्या गाण्याचाही यात हात आहे, हे मियाझावानं मनावर घेतलं. २०१२ पासून योमितान गावात कुरुचीची रोपं लावायचं काम चालू आहे. उपक्रमाच्या नावातच १०० वर्षं आहेत, कारण लाकूड तयार व्हायला तेवढा काळ लागतो. 'द बूम' २०१४ साली बंद झाला. रोपांभोवतीचं तण काढायला माणसं अजून जमतात, आणि त्यात कधी मियाझावाही असतो.